मी हयात आहे

नोव्हेंबर उजाडला की आमच्या बँकेत जिवंत माणसांची गर्दी होते. एरवीही ती जिवंतच असतात म्हणा, पण नोव्हेंबरात तसं लिहून द्यावं लागतं. हयातीचा दाखला दिला नाही, तर पुढची पेन्शन अडकते. ऐंशी ओलांडलेल्या केंद्र सरकारी पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्यांच्या बाबतीत महिनाभर थांबायची जोखीम सरकारही घेत नसावं!

वय वाढलं की शहाणपण येतं, यावर माझा फारसा विश्वास नव्हता. चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूसही छत्री घरी विसरतोच. पण या रांगेत उभं राहायला लागल्यापासून थोडा डळमळलोय. नवा पेन्शनर इथे लांबून ओळखू येतो. त्याच्याकडे प्लास्टिकची फाइल असते, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स असतात आणि टोकनवरून तो हमखास भांडतो. जुने मुरलेले कापडी पिशवी घेऊन साडेअकराला येतात, कारण दहाला सर्व्हर चालत नाही हे त्यांना ठाऊक असतं. ‘सर्व्हर डाउन आहे’ असं काउंटरवरून ऐकू आलं की फाइलवाले तावातावानं मॅनेजरची केबिन गाठतात. पिशवीवाले चहाला जातात. सर्व्हर दोघांसाठी एकाच वेळी सुरू होतो.

२०१४ साली ‘जीवन प्रमाण’ हा हयातीचा डिजिटल दाखला आला आणि सहीच्या जागी अंगठा आला. म्हणजे फिरून तिथेच. पण म्हातारपणी कातडी सुकते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि मशीन काही केल्या ओळख देत नाही. गेल्या खेपेला माझ्यापुढे कुटुंब पेन्शनवाल्या एक आजी होत्या. अंगठा झाला, तर्जनी झाली, मग डावा हात. काउंटरवरचा मुलगा घामाघूम. ‘आजी, पुसून ठेवा ना.’

‘पुसून काय व्हायचंय रे बाळा? जन्मभर भाकऱ्या थापल्या, त्यात गेल्या रेषा,’ आजी म्हणाल्या. मग त्यांनी बोट पदराला पुसलं, भांगाजवळच्या तेलकट केसांतून एकदा फिरवलं आणि परत मशीनवर टेकवलं. हिरवा दिवा लागला. मागच्या दोघातिघांनी मुकाट्यानं आपापल्या डोक्यावरून बोटं फिरवून घेतली. एकाला टक्कल होतं, त्यानं कपाळावर भागवलं.

२०२१पासून चेहरा दाखवूनही काम होतं. मोबाइलसमोर बसायचं आणि सांगितलं की डोळे मिचकावायचे. मास्तरकीत हयात गेलेल्या गृहस्थांना नातू भर बँकेत ‘आजोबा, मिचकावा!’ म्हणत होता आणि ते ओशाळून इकडेतिकडे बघत होते.

हे घरबसल्याही होतं, पोस्टमन घरी येऊनही करून देतो. तरी माणसं रिक्षा करून बँकेत येतात. कारण विचाराल तर ‘तेवढंच पाय मोकळे होतात’ म्हणतील. खरं कारण निराळं असावं. रांगेत शिरल्या शिरल्या नजर फिरते, कोण आलंय, कोण नाही. ‘जोशी दिसले नाहीत?’ ‘मार्चमध्ये गेले.’ ‘अरेरे. झोपेत?’ ‘झोपेत.’ ‘बरं झालं.’ आणि पुढच्या वाक्याला गुडघ्याचं तेल. आधी मला हे कोरडं वाटायचं. आता वाटतं, कशासाठी किती थांबायचं याचा हिशोब या मंडळींना नेमका जमलाय. आपल्याला तो यायला बरीच वर्षं जावी लागतील.

पैशांचा हिशोबही असतोच. केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीला मूळ पेन्शनवर वीस टक्के जादा मिळतात, मग दर पाच वर्षांनी दहा टक्क्यांची भर पडते आणि शंभरीला रक्कम थेट दुप्पट. बाकावरचे एक अठ्ठ्याहत्तरीचे गृहस्थ पासबुकाच्या मागे आकडेमोड करत होते.

‘शंभरीला एवढे पैसे घेऊन करणार काय?’ शेजाऱ्यानं विचारलं.

‘नवी कवळी,’ ते म्हणाले. ‘ही तोवर टिकायची नाही.’