टपातलं भोक

हल्ली शोरूममध्ये गेलं की सेल्समन इंजिनाबद्दल चकार शब्द काढायच्या आधी वरचं बटण दाबतो. काच सरकते, आभाळ दिसतं आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरतं, जणू आभाळही गाडीच्या किमतीत आलंय. अशा दिवसांत मी चांगले पैसे मोजून आमच्या गाडीचं सनरूफ बुजवून घेतलं. ऐकणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतो.

गाडी काकांची. प्रीमियर पद्मिनी, 1975 सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. 1964 साली ‘फियाट 1100 डिलाइट’ म्हणून जी गाडी तिथून बाहेर पडू लागली तीच पुढे पद्मिनी झाली. आमच्या घरात मात्र ती कायम ‘फियाट’च. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि पुढे बाकासारखी अख्खी सीट. तिच्यावर काका, काकू, आजी आणि उरलेल्या फटीत मी.

1994 साली काकांना सनरूफचं वेड लागलं. कुठल्याशा मासिकात परदेशी गाडीचा फोटो बघितला म्हणे. रविवारी गाडी घेऊन गेले आणि संध्याकाळी टपाला 30 इंच बाय 15 इंचांचं भोक पाडून आले. त्यात काळसर काच. पुढच्या बाजूला बिजागऱ्या, मागे एक खटका. तो फिरवला की काच मागून चार बोटं वर उचलायची. बिजागऱ्यांतून सोडवली तर अख्खी काढून डिकीत ठेवता यायची. काकूने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “आणि कापलेला पत्रा कुठाय?” काकांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. चांगला पत्रा टाकून कोण देतं?

माझ्यासाठी ते भोक म्हणजे राजवाड्याचा सज्जा. सीटवर उभं राहिलं की मी छातीपर्यंत बाहेर. सिंहगड रोडला तेव्हा अशी वाहनांची दाटी नव्हती. केस डोळ्यांत जायचे, तोंड उघडलं तर चिलटं. आज कुणाचं पोर असं बाहेर काढलेलं दिसलं की मीच काच खाली करून ओरडते, ही गोष्ट वेगळी.

पण पावसाला हौसमौज कळत नाही. कंपनीतून सनरूफ लावून येणाऱ्या गाड्यांना काचेखाली चहूबाजूंनी पन्हळ असते. पाणी आत येतंच, ते अडवायचा अट्टहास कुणी करत नाही. पन्हळीतून ते नळ्यांमध्ये जातं आणि खांबांच्या पोटातून खाली रस्त्यावर. बाहेरून कापून बसवलेल्या सनरूफला असलं काही नसतं. पत्र्याला खालून-वरून चौकटीने आवळायचं आणि सगळी भिस्त एका रबरावर. पुण्याच्या दोन उन्हाळ्यांत त्या रबराची वात झाली. मग मेणबत्ती झाली, सिलिकॉन झालं, चिकटपट्टी झाली. एकदा तर काका काच घरीच विसरले आणि खंडाळ्याच्या घाटात आभाळ फुटलं. काकूने गाडीच्या आत छत्री उघडली. शेजारून जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडक्यांना चिकटून बघत होती, एवढं मला स्पष्ट आठवतं. “आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे लावता?” हे ती काकांना घाट उतरेपर्यंत ऐकवत होती.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा चौकटीच्या कडेचा पत्रा पापडासारखा मोडत होता. क्रीम रंगाच्या रेक्झिनच्या अस्तरावर तपकिरी नकाशे उमटलेले. त्यातच 2021 साली जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नंबरांचा नियम आला: वय 50 च्या वर आणि रूप मूळचं, अशा गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची पाटी. तो नंबर मी अजून मागितलेला नाही. पण ‘मूळ रूप’ हे दोन शब्द डोक्यात जाऊन बसले.

मिस्त्रींकडे मी टपाचा तो कापलेला, काकूने जपून ठेवलेला तुकडा घेऊनच गेले. आहे त्या भोकात आहे तोच पत्रा, इतकं सोपं. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. “ताई, कापताना पात्याने जेवढा पत्रा खाल्ला तेवढी फट चारी बाजूंनी उरणार. आणि मोठी गोष्ट म्हणजे टपाच्या मधोमध वेल्डिंग करायचं नसतं.” का, ते त्यांनी शब्दांनी सांगितलं नाही. भंगारातलं एक बॉनेट आणलं आणि मधोमध अंगठा दाबला. टिक. सोडला. टक. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा ना, तस्सा. रुंद, उथळ पत्र्यात वेल्डिंगची जागा तापून गार होताना आक्रसते आणि मग आजूबाजूचा सैल पडलेला भाग कुठे जावं ते न कळून आत-बाहेर करत राहतो. ठोकून बसवायला जावं तर हात जरा जास्त पडला की ताणतो. वरून लांबी (पुट्टी) थापून दिसायला गुळगुळीत करता येईल, पण पहिल्या मोठ्या खड्ड्याला गाडी बेडकासारखी बोलायला लागेल. म्हणजे ठिगळ नको, अख्खा टपच बदलायचा.

नवा टप मुंबईहून आला, टेम्पोत उताणा घालून. मी बघायला गेले आणि हसूच फुटलं. पिवळाधम्मक! भंगारात निघालेल्या टॅक्सीचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांची अंगकाठी आमच्या गाडीचीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांत केवढे हळवे मथळे आले होते. त्या वंशातल्या कुणाचं तरी छप्पर आता आमच्या डोक्यावर येणार होतं. कडेच्या पन्हळीवर कॅरिअरच्या पायांनी रंग खरवडून काढला होता. किती वळकट्या, ट्रंका आणि गावाला निघालेल्या फणसांचं ओझं त्या चार पायांनी त्या पन्हळीवर टाकलं असेल!

काम दोन महिने चाललं. पुढची-मागची काच उतरवली, अस्तर सोललं (ठिणगी पडली तर पेटायला त्याला वेळ लागत नाही), अस्तराच्या कमानींवर खडूने आकडे घातले. कापण्याआधी मिस्त्रींनी दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये आडवे पाइप ठोकले, टप निघाल्यावर गाडी फाकू नये म्हणून. मग पन्हळीतले कारखान्यातले टाके एकेक करून ड्रिलने उसवले. ते टाके आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं; पत्रा पत्र्याला असा बोटभर अंतरावर शिवलेला असतो. पिवळा टप वर ठेवला तेव्हा चारही दारं पुन्हा पुन्हा उघडून-लावून बघितली. नव्या टाक्यांची गंमत अशी की ते ओळीने घालत नाहीत. एक इथे, पुढचा पार त्या टोकाला, मधे ओलं फडकं. उष्णता एका जागी साचता कामा नये. बघताना वाटत होतं, हा माणूस मुद्दाम वेळ काढतोय.

रंगाच्या वेळी काकूचा तुकडा पुन्हा निघाला. गाडीला तोवर तीनदा रंग झाला होता आणि दरवेळी मूळची आकाशी छटा थोडी गडद होत गेली होती. तुकडा मात्र तीस वर्षं फडताळात, लोणच्याच्या बरण्यांखाली. काकू त्यावर वर्तमानपत्र अंथरायची. चिकटलेला कागद ओल्या कापडाने सोडवला आणि आत 1975 सालचा आकाशी जसाच्या तसा निघाला. एका कोपऱ्यात तेवढं बरणीच्या बुडाचं गोल वळं, तेलकट, बहुधा कैरीचं. रंगारी तो तुकडा उन्हात धरून डब्यात थेंब थेंब निळा सोडत बसला. वळं टाळून.

परवा काकांना आणलं फिरवायला. ऐंशी ओलांडलीय त्यांनी, पण गाडीत बसताना आधी टपावर थाप मारायची सवय गेली नाही. थाप घट्ट वाजली. आत बसून त्यांनी वर बघितलं. नवं क्रीम अस्तर, कुठे फट नाही, नकाशा नाही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला उगाच अपराधी वाटायला लागलं, सांगून टाकलं, “काका, पत्रा टॅक्सीचा आहे.”

“मग मीटर पाडा,” ते म्हणाले.

स्वारगेटच्या पुढे पावसाला सुरुवात झाली. टपावर ताशा वाजायला लागला आणि आम्ही दोघंही सवयीने मांड्यांकडे बघितलं. कोरड्या होत्या. पण सगळ्या काचा वर, आत कोंदटलेलं. “वारा कुठून यायचा आता?” काका पुटपुटले आणि दाराच्या काचेपुढची छोटी तिकोनी काच चाचपडू लागले. तिचा खटका गंजून बसला होता, मी इतक्या वर्षांत तिला हातही लावला नव्हता. त्यांनी अंगठ्याने दाबून, मनगट वळवून ती उघडली आणि पावसाळी वाऱ्याचा झोत थेट तोंडावर घेत डोळे मिटले.