ह्यांनी गोल किती मारले?

माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर विजेच्या खांबाला गेले तीन आठवडे एक फ्लेक्स लटकलेला आहे. त्यावर जर्मनीच्या पांढऱ्या जर्सीतला माणूस छाती काढून उभा. मुंडकं आमच्या मामाचं, धड कुणाचं ते फ्लेक्सवाल्यालाच माहीत. मामाची बायको बघायला आली, दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "पोट कुठंय?" खाली लिहिलंय, 'अकरा वर्षांच्या अखंड फुटबॉल सेवेनंतर कोल्हापूर येथे बदली. हार्दिक शुभेच्छा.'

त्यामुळे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेला माणूससुद्धा सुट्टे मोजता मोजता विचारतो, "ह्यांनी गोल किती मारले ओ?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

दोन.

त्यातला एक आमच्यावर. म्हणजे जमा एक, नावे एक, शिल्लक शून्य. बँकेतला माणूस, जाताना खातं टॅली करून गेला.

आता मामा फुटबॉलमध्ये आलाच कसा, हे विचाराल तर दोष जर्मनीचा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण इथं पाळण्यातच कानात पडते. तिचा अर्थ आजवर कुणी नीट सांगितलेला नाही, पण अभिमान पक्का आहे. 2014 च्या जुलैत वर्ल्डकपची सेमीफायनल होती, जर्मनी आणि ब्राझील, आपल्याकडं रात्री दीडला. आम्ही आठ-दहा जण एकाच्या गच्चीवर टीव्ही लावून बसलो होतो. मामा शेजारच्या गच्चीवर उकाड्यामुळं झोपायला आलेला. आमच्या आरडाओरड्यानं तो उठला, भांडायच्या तयारीत कठड्यापाशी आला आणि तिथंच थांबला. अर्ध्या तासात जर्मनीचे पाच गोल झाले होते. शेवटी 7-1. मामानं तोवर आयुष्यात बॉलला पाय लावलेला नव्हता. उशी बगलेत धरून तो म्हणाला, "हे तर सोपंच दिसू लालंय. मीबी येतो सकाळी."

आणि आला. बँकेत जायचे काळे बूट घालून, झोप न झालेल्या डोळ्यांनी, साडेपाचला. आम्ही त्याला स्टॉपरला, म्हणजे गोलकीपरच्या पुढं बचावाला, उभं केलं, कारण तिथं कमी पळावं लागतं असं त्याला सांगितलं होतं. खरं कारण हे की बाकी सगळ्या जागा भरलेल्या होत्या.

पुढं 2018 ला जर्मनी कोरियाकडून हरून पहिल्याच फेरीत घरी गेली. 2022 लाही पहिल्याच फेरीत. मामा दोन्ही वेळा चार-चार दिवस मैदानावर आला नाही. आम्ही समजावलं, "मामा, म्हणीतली जर्मनी गेली, परभणी तर आहे ना जागेवर?" तर म्हणाला, "तेच तर दुःख आहे."

अकरा वर्षांत मामाला एकदाही पिवळं कार्ड मिळालं नाही. ह्याचं श्रेय तो स्वतःच्या सभ्यपणाला देतो. आमचं मत असं की फाउल करायला समोरच्यापर्यंत वेळेत पोचावं लागतं. आमच्या कृषी विद्यापीठानं भेंडीची एक प्रसिद्ध जात काढलेली आहे, 'परभणी क्रांती'. हळद्या रोगाला सहजी दाद देत नाही म्हणून शेतकऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. पिवळं न पडणारं वाण म्हणून पोरांनी मामालाही तेच नाव ठेवलं. बाहेरगावची टीम आली की आमची पोरं ओरडायची, "क्रांती, पुढं सरक!" पाहुण्यांना वाटायचं, काहीतरी जहाल मामला आहे.

तर ते दोन गोल.

पहिला 17 सप्टेंबरचा. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की आमची दरवर्षी लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशी मॅच असते. बिनलग्नाच्यांनी उंच बॉल टाकला. मामानं हात पसरून सगळ्यांना बाजूला केलं, "माझा! माझा!" ओरडला, आणि असा काही हेड मारला की आमच्या गोलीला हलताही आलं नाही. वरच्या कोपऱ्यात, जाळीला चिकटून. तसा हेड त्या मैदानावर आधी कुणी मारला नव्हता, नंतरही नाही. दिशा तेवढी चुकली. मामा धावत गोलीकडं गेला आणि त्यालाच म्हणाला, "कामून सोडला बे?"

दुसरा पावसाळ्यातला. आमच्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात भेगा अशा पडतात की बॉल अडकतो, आणि पाऊस पडला की तीच माती बुटाला अशी धरते की प्रत्येक पावलाला उंची वाढत जाते. नियमाप्रमाणे मॅच सुरू होताना बॉल 410 ते 450 ग्रॅमचा हवा. आमचा दहाव्या मिनिटाला किलोला टेकायचा. त्या दिवशी आम्हाला कॉर्नर मिळाला, सगळे पुढं गेले, म्हणून मामाही गेला. गोलच्या तोंडाशी जाऊन वाकला आणि काडीनं बुटाचा चिखल खरवडू लागला. कॉर्नर आला, त्याच्या पाठीवर धप्पकन आदळला आणि आत. आम्ही सगळे अंगावर पडलो. खालून आवाज आला, "काय झालं? काडी मोडली ना माझी."

ती मॅच आम्ही 1-0 नं जिंकलो. 2017 ला भारतात सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप झाला, त्यात भारताचा एकूण गोल एकच होता. मामा ही बरोबरी बँकेत येणाऱ्या पीककर्जवाल्यांनाही ऐकवायचा.

गोलचं एवढंच. आता निरोप एवढा थाटात कशाला, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो.

मामाच्या शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी, बामची एक रिकामी डबी असायची. तिच्यात बॉलमध्ये हवा भरायची पिन. पंप कुणाकडंही असतो, पिन नसते. वीस रुपयांची वस्तू, पण आम्ही दर महिन्याला एक हरवायचो, मग सायकलच्या दुकानापुढं ते उघडायची वाट बघत बसायचो. मामा आला आणि पिन हरवायची थांबली. रोज सकाळी सहाला एकच कार्यक्रम. डबी उघडायची, पिन काढायची, जिभेवर फिरवून ओली करायची, कारण कोरडी पिन घातली की व्हॉल्व्ह फाटतो. मग डोळे मिटून हळूच आत. पंप मारायला पोरं. मामा फक्त अंगठा दाबून बघणार आणि बॉल कानाशी नेऊन ऐकणार. काय ऐकायचा देव जाणे. "अजून चार मारा" म्हणाला की चारच. कर्जाच्या फायलीवर सही करतानाही तो एवढा विचार करत नसावा.

निरोप समारंभ मैदानातच ठेवला. नाश्त्याला सुशीला आणि भजे. पुण्याचा एक पाहुणा होता, त्यानं "सुशीला कुठाय?" ऐकून इकडंतिकडं बघितलं, मग हातात चुरमुऱ्यांची प्लेट आली. शाल, श्रीफळ, फेटा. गोलीनं भाषण केलं, "मामा स्टॉपर नसते तर माझ्यावर इतके बॉल आलेच नसते. मी जिल्ह्याच्या टीममध्ये गेलो ते केवळ ह्यांच्यामुळं." मामानं टाळ्या वाजवल्या. नंतर थांबला.

मग गुरुजी उठले. आमचे सगळ्यात जुने खेळाडू, निवृत्त शिक्षक. गुरुजींचं कुठलंही भाषण निजामाच्या मुलखापासून निघतं. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात, तिथल्या सिटी पोलिसांच्या टीमनं 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स कप मारला, कोच रहीमसाहेब, आणि रहीमसाहेब मूळचे कोण? शिक्षक! इथं गुरुजी स्वतःकडं बोट दाखवून थांबतात. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्यानं, 1 डिसेंबरला, रहीमसाहेबच कोच असलेल्या भारताच्या टीमनं मेलबर्नला ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं. शेवटी भारत चौथा आला. "अजून दीड महिना दम धरला असता," गुरुजी गहिवरून म्हणाले, "तर आपण ऑलिंपिकात चौथे आलो असतो." चाळीस मिनिटं झाली होती. मामाचं नाव अजून यायचं होतं. ते आलंच नाही, भजे गार होऊ लागले म्हणून गुरुजींना बसवलं.

बदली कुठं, तर कोल्हापूर! हा नशिबाचा विनोद. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत कुठंही जाता, तर मामा स्टार ठरला असता. पण तो गेला थेट जिथं पाटाकडील विरुद्ध शिवाजी अशी गावातल्याच दोन टीमची मॅच म्हटलं की शाहू स्टेडियम भरतं, पेठा-पेठांत फुटबॉलवरून वैर चालतं, आणि त्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात खेळलेला अनिकेत जाधव जिथला, त्या गावात. काशीला जाऊन कीर्तन ऐकवण्यातला प्रकार.

गेल्या रविवारी फोन आला.

"अरे, इथं सहावीतलं पोरगं माझ्या पायातून बॉल काढून गेलं. वर 'सॉरी काका' म्हणालं."

"मग, खेळायला घेतलं का कुणी?"

"आधी नाही. कठड्यावर बसायचो नुसता. काल त्यांचा बॉल बसला. पिन हाय का कुणाकडं, म्हणून ओरडू लाले सगळे."

माझ्या पोटात गोळा आला. आम्ही आठवडाभर मैदानाच्या कडेचं गवत उपटून जी पिन शोधत होतो, ती डबीसकट शेकडो किलोमीटर लांब मामाच्या खिशात होती.

"मग दिली?"

"दिली म्हणजे काय, मीच भरली. चार वाढीव मारायला लावले. मग म्हणाले, काका, तुम्ही मागं थांबा."

"मामा, ते ठीक आहे. पण पिन कुरिअर कर."

"हॅलो?" मामा म्हणाला. "आवाज कट व्हायलाय तुझा. हॅलो?"