तुम्ही विचारलंत म्हणून: झोपेत मेंदू बंद पडतो का?

"ओ सर, झोपलं की मेंदू बंद पडतो का?" मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो हे कळलं, की सोलापुरात कुणी ना कुणी हे विचारतंच. त्यात रातपाळीवाले जास्त. अशोक चौकातले एक मामा म्हणाले, "रातभर मागाची खटखट, दिवसा घरात पोरांचा दंगा. झोप लागली तरी डोकं चालूच राहतंय की ओ!"

मामा, ते सगळ्यांचंच चालू असतं. गाढ झोपेत चेतापेशी मधूनमधून एकदमच गप्प होतात, पण सेकंदाच्या काही भागापुरत्याच. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मिझुसेकी आणि बुझाकी या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युत ठोके मोजले, 2013 साली ते छापून आलं. साधारण निम्मे ठोके दहा-वीस टक्के पेशीच देतात. बाकीच्या क्वचित बोलणाऱ्या. आणि हा स्वभाव सहसा सुटत नाही. गड्ड्याच्या जत्रेत न्या नाहीतर पंगतीत बसवा, बडबड्या बडबडतोच आणि घुमा घुमाच राहतो, तसं. उंदीर जागा असो की झोपलेला, जागा ओळखीची असो की नवी, पेशीचा ठोके देण्याचा सरासरी वेग बराचसा तोच. नव्या जागेत उंदीर भलत्याच कोपऱ्यात असताना ती ठोके देऊ लागते, ते वेगळं.

अर्थात ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. झोपेत बडबड्या पेशी थोड्या निवतात, घुम्या जरा बोलत्या होतात.

मग हा वेग सांभाळतं कोण? पेशी स्वतःच. बाहेरून येणारे संदेश कमी पडले तर ती आपल्या जोडण्या बळकट करते, फार झाले तर सैल. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जीना टुरिजियानो यांनी 1998 मध्ये हे बशीत वाढवलेल्या पेशींवर दाखवलं. पुढे 2013 मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत उंदराच्या पिल्लांचा एक डोळा मिटून ठेवला. दृष्टिकेंद्रातल्या पेशींचा वेग आधी घसरला आणि काही दिवसांत, डोळा मिटलेलाच असताना, आपोआप मूळ पदावर आला!

ही डागडुजी झोपेत होत असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही तेच पटलं असतं. पण 2016 मध्ये दिसलं, की घसरलेला वेग वर चढतो तो जागेपणीच, झोपेत चढ थांबतो. हे सगळं उंदरांचं, त्यामुळे त्यावरून रातपाळीवाल्यांना औषधपाणी सांगायला मी जात नाही. झोपेचा वाटा 2021 मध्ये सापडला: मिटलेला डोळा पुन्हा उघडल्यावर वेग उलट प्रमाणाबाहेर चढला, आणि तो खाली आणायचं काम झोपेत झालं.