फाईलीत नसलेला भाई

नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीत संघटित गुन्हेगारीवर बोलायला उभं राहिलं की थोड्याच वेळात कळतं, समोरच्या प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षकांनी भाई पाहिलाय तो पडद्यावर. पडद्यावरचा भाई बोलतो फार. चारचौघांत हुकूम सोडतो, माणूस उडवायच्या आधी डायलॉग मारतो. फाईलीतला भाई जवळजवळ नसतोच. घटनास्थळी नाही, हत्यारावर ठसा नाही, फोन नाही. बर्नार्दो प्रोव्हेंझानो 43 वर्षं फरार राहिला आणि सिसिलीचा माफिया टाईप केलेल्या चिठ्ठ्यांवर चालवला. त्यात माणसांची नावं नसत, आकडे असत. 11 एप्रिल 2006 ला कोर्लेओनेजवळ तो सापडला, तो घरून येणाऱ्या धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्याचा माग काढून.

म्हणून अभिरूप न्यायालयासाठी फाईल तशीच रचली होती. अंबड-सातपूर पट्ट्यातली काल्पनिक टोळी, भंगारवाल्यांकडून हप्ता, त्यातून एक खून. आरोपी क्रमांक एक, म्हणजे म्होरक्या, कागदोपत्री स्वच्छ. निम्मी तुकडी सरकार पक्षाची, निम्मी बचावाची, न्यायाधीशाच्या खुर्चीत मी. दोष मुद्दाम पेरलेले.

बचावाने पहिली फेरी अर्ध्या तासात मारली. मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लावायचा तर गेल्या 10 वर्षांत टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं हवीत, तीही तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत, आणि कोर्टाने दखल घेतलेली. फाईलीत मागचे पाच गुन्हे होते. एक साध्या दुखापतीचा, तो बाद. एक 11 वर्षं जुना, बाद. एकात दोषारोपपत्र गेलेलं, पण दखल घेतल्याचा आदेश कुठेच नाही. उरले दोन, आणि त्या दोन्हींत आरोपी एकचं नाव नव्हतं. बचाव पक्ष उभा राहून ओरडला, सरकार पक्ष खाली बघत बसला. खरं तर उत्तर होतं. दोषारोपपत्रं टोळीच्या संदर्भात मोजायची, प्रत्येक आरोपीवर वेगळी दोन लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये झाकीर मिरजकर प्रकरणात स्पष्ट केलंय. निकाल वाचलेला नसेल तर जिंकलेला मुद्दा हातचा जातो.

पुढचा घाव मात्र खराच जिव्हारी होता. कलम 23(1) प्रमाणे मोक्काखालची माहिती नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. स्टेशन डायरीत मोक्काची कलमं लागली सायंकाळी सहाला आणि मंजुरीवर तारीख दुसऱ्या दिवशीची. ‘पूर्व’मंजुरी उरलीच नाही. शिवाय कबुलीजबाब. एरवी पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही. मोक्काचं कलम 18 अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची घेऊ देतं, पण आरोपीला फेरविचाराला किमान 24 तास द्यावे लागतात. इथे आरोपी चार वाजता समोर आणला, नऊला जबाब संपला. खंडणीच्या कॉलची ध्वनिफीत होती, तिला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलेलं, पण हॅश व्हॅल्यूचा, म्हणजे फीत बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्याचा, रकाना कोरा.

जेवणानंतर मंजुरी आणि कबुलीजबाब दुरुस्त करून फाईल परत दिली. सरकार पक्ष पुन्हा शूटरच्या कबुलीवर अडला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी मुद्देमालाच्या यादीतलं परिशिष्ट घेऊन पुढे आली. भरतीआधी तिने लासलगावला कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहिले होते. परिशिष्टात लाल कापडी बांधणीची एक वही होती, बाकी कोणी ती उघडलीच नव्हती. तिने बोट ठेवलं: दर महिन्याच्या सात तारखेला जमा, समोर दुकानांची आद्याक्षरं, चौथ्या रकान्यात वजावट, आणि ती रक्कम दुसऱ्या दिवशी कुठेच खर्ची पडत नाही. “सर, शिल्लक ओढलेलीच नाही. पैसा वहीबाहेर गेलाय.” मग तिने तीच रक्कम मखमलाबादच्या एका प्लॉटच्या विसाराशी जुळवली. प्लॉट म्होरक्याच्या मेव्हणीच्या नावावर, आणि मेव्हणीला उत्पन्न नाही.

मोक्काचं कलम 4 नेमकं यासाठी आहे. टोळीच्या सदस्याच्या वतीने बाळगलेली, हिशेब देता न येणारी मालमत्ता: 3 ते 10 वर्षं, किमान 1 लाख दंड, वर जप्ती. मेव्हणीपासून दोर धरला की म्होरक्यापर्यंत 3(4) खाली, टोळीचा सदस्य म्हणून, पोचता येतं.

शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोनचं हेच झालं. तिथल्या खुनांपैकी एकही त्याला चिकटला नाही. शिकागोशेजारच्या सिसेरोतल्या जुगारअड्ड्याच्या वह्या 1926 च्या छाप्यात हाती आल्या आणि कपाटात पडून राहिल्या. पुढे करखात्याच्या फ्रँक विल्सनने त्या उघडल्या, अक्षरावरून हिशेबनीस लेस्ली शुमवे शोधून काढला आणि त्याला साक्षीला उभं केलं. त्यात कपोनच्याच वकिलाने तडजोडीसाठी दिलेल्या पत्रात उत्पन्न मान्य केलेलं. बेकायदा कमाईवरही कर लागतो हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्येच ठरवलं होतं. ऑक्टोबर 1931 मध्ये करचुकवेगिरीसाठी 11 वर्षं.

आता, मुंबईत खुनातही म्होरक्या अडकलाय: नगरसेवक जामसांडेकर यांचा खून 2007 चा, अरुण गवळीला मोक्का न्यायालयाची जन्मठेप 2012 मध्ये. आणि कागदावरचा भाई बघायला आम्हाला मुंबई गाठायची गरज नाही. तेलगीने बनावट मुद्रांकांसाठी जुनी यंत्रं मिळवली ती नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून, लिलावात निघालेली. मोक्का त्यालाही लागला. पण रेल्वेतून मुद्रांक चोरल्याच्या खटल्यात नाशिकच्याच न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये त्याच्यासह सगळ्यांना पुराव्याअभावी सोडलं. तेव्हा त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.

निकाल मी असा दिला: मेव्हणीला कलम 4, प्लॉट जप्त, आरोपी एकला 3(4) खाली किमान शिक्षा, पाच वर्षं आणि 5 लाख दंड. खुनाच्या कटातून निर्दोष, कारण शूटर आणि तो यांच्यात एकही जिवंत दुवा फाईलीत नव्हता. सरकार पक्ष नाराज. खून सुटला म्हणजे काय, असं बराच वेळ चाललं. बचावाने मात्र वेळ न घालवता कलम 12 काढलं: अपील उच्च न्यायालयात, 30 दिवसांत. त्यांच्या मसुद्यातला पहिला मुद्दा होता की वही लिहिणाराच साक्षीला आणला नाही, नुसत्या हस्ताक्षरतज्ज्ञाच्या अहवालावर ती सिद्ध धरली. मुद्दा चांगला होता.