आमची वाटचाल : पेजमेकरपासून तीन मशीनपर्यंत

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात दुकान टाकलं तेव्हा एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आन् पेजमेकर म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, एवढंच होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं करत करत क्लासेसच्या नोट्स यायला लागल्या, आणि लातूरात क्लासेसला काय तोटा, मग काम वाढलं तसा एक जुना मॅक, म्हणजे ॲपलचा कॉम्प्युटर, घेतला.

एक गिऱ्हाईक पुण्याहून पुस्तकाचे फॉन्ट घेऊन आलं, जुने, मॅकचेच. मी ते पेनड्राइव्हवरून आधी विंडोजवर घेतले आन् तिथून आमच्या मॅकवर टाकले, बघतो तर सगळ्या फाइली शून्य केबी! पोटात गोळाच आला. त्या जुन्या फॉन्टचा खरा माल रिसोर्स फोर्क म्हणून वेगळ्या कप्प्यात असतो, पेनड्राइव्हवर तो लपलेल्या फाइलीत जातो, ती मला दिसलीच नाही आणि मागं राहिली. गिऱ्हाइकाला परत पुण्याला जावं लागलं, त्याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून जुने मॅक फॉन्ट मॅकवरच झिप करायचे आणि मॅकवरच उघडायचे, मधे कुठं सोडायचे नाहीत.

टीटीएफ (ट्रूटाइप) आणि ओटीएफ (ओपनटाइप) ह्या नव्या प्रकारच्या फॉन्ट फाइलींना ही कटकट नाही. ओपनटाइप १९९६ ला मायक्रोसॉफ्ट आन् अडोबीनं मिळून आणलं, तीच फाइल विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडं चालते. लिनक्सवर आपल्या होम फोल्डरमधल्या .local/share/fonts मधे टाकायची, एफसी-कॅशे (fc-cache) ही फॉन्टची यादी ताजी करणारी कमांड चालवायची, झालं. परवाना तेवढा बघतो, एकाच मशीनचा असला तर दुसरा विकत घेतो, नाहीतर मुक्ता किंवा नोटो हे फॉन्ट वापरतो, ते फुकट आहेत आणि चांगले आहेत.

पण फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नीट गेला म्हणजे मजकूरही नीट गेला असं नाही बरं का. जुन्या फॉन्टमधे मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली, १२८ च्या पुढच्या जागा मॅक आणि विंडोजच्या वेगळ्या, त्यामुळं अर्धी अक्षरं, काने-मात्रे कुठच्या कुठं जातात. एका पत्रिकेत ‘सोयऱ्यांसह’ मधला ऱ्या मोडून रफार झाला होता, छापायच्या आधी घरातल्या आजीबाईंनी पकडला.

म्हणून आता फॉन्ट कुठंही टाकला की आधी ‘सोयऱ्यांसह, कऱ्हाड, दृष्टी, श्रीलक्ष्मी’ टाइप करतो, प्रिंट काढतो, विंडोज, मॅक, लिनक्स अशा आमच्या तिन्ही मशीनचे कागद उजेडात शेजारी शेजारी धरून बघतो, मगच काम घेतो.