साडेअकराला शाळा सुटते, मग पुढे?

येत्या सप्टेंबरात लेक पहिलीत जाईल. इथे म्युनिकमध्ये पहिलीची शाळा आठला भरते आणि काही दिवशी साडेअकरालाच सुटते, हे फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग भरवतात तरी कशाला?" तिचंही बरोबर आहे. डोंबिवलीला ती संध्याकाळच्या लोकलने घरी यायची, तोवर मी समोरच्या काकूंकडे पडीक. दप्तर त्यांच्याकडे, जेवण त्यांच्याकडे, मारही त्यांचाच. इथे समोरच्या दारामागे कोण राहतं हे मला पार्सल घ्यायला गेल्यावर कळलं.

तर आमच्या पिढीच्या पालकांच्या नशिबाने 2021 मध्ये जर्मनीत एक कायदा झाला. 1 ऑगस्ट 2026 पासून पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला दिवसभराच्या सांभाळाचा हक्क. सोमवार ते शुक्रवार, शाळेचे तास धरून रोज 8 तास. दरवर्षी एकेक इयत्ता वाढत जाऊन 2029-30 मध्ये चौथीपर्यंतची सगळी मुलं त्यात येतील. बांधकामासाठी केंद्राचे 3.5 अब्ज युरोपर्यंत, शिवाय चालू खर्चासाठी राज्यांना पैसे, 2030 पासून वर्षाला 1.3 अब्ज. आमची लेक अगदी पहिल्याच तुकडीत. हे कळल्यावर नवऱ्याने लगेच जाहीर केलं, "झालं, सुटलो."

कसले सुटलो! हक्क आहे, पण फुकट आहे असं कायदा कुठेच म्हणत नाही, आणि तुम्हाला हवी तीच जागा मिळेल असंही नाही.

म्युनिक ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियात या सांभाळाचे इतके प्रकार आहेत की ऑफिसात मी चक्क तक्ता करून चिकटवलाय. शाळेतलीच दुपारची सोय (मिटाग्सबेट्रॉयुंग) बऱ्याच ठिकाणी पालकांची मंडळं चालवतात आणि ती दोनलाच संपू शकते. 'खुली' दिवसभराची शाळा जेवणाचे पैसे सोडले तर मोफत, चारपर्यंत. पण बहुतेक ठिकाणी सोमवार ते गुरुवारच. शुक्रवारी काय करायचं? होर्ट म्हणजे खरं पूर्ण वेळाचं पाळणाघर, सुट्टीतही उघडं, पण फी आणि प्रतीक्षायादी दोन्ही लांबलचक. म्युनिकने शाळा आणि होर्ट एकत्र आणून 'कोगा' नावाचा प्रकार काढलाय, त्यात शुक्रवारही येतो नि सुट्ट्याही. उत्तम आहे, फक्त आमच्या शाळेत नाही.

सुट्ट्या हा वेगळाच विषय. उन्हाळ्याच्या सहा आठवडे, नाताळ, ईस्टर आणि पेंटेकोस्टच्या दोन-दोन, शिवाय फेब्रुवारीत एक, शरदात एक. नोकरदाराची रजा साधारण सहा आठवडे. नव्या कायद्यात राज्यांना वर्षातून फार तर चार आठवडे बंद ठेवायची मुभा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं कलम हेच. रोजचे दोन तास माणूस कसेही निभावतो, ऑगस्ट निभावत नाही.

मागे अशाच एका सांभाळकेंद्राचा खुला दिवस पाहून आले. भिंतीवर पत्र्याचा फळा, प्रत्येक मुलाच्या नावाचं चुंबक. 'जेवण', 'गृहपाठ', 'अंगण', 'घरी गेलो' असे रकाने. मुलं स्वतःच आपलं चुंबक सरकवतात. एक पोरगा 'गृहपाठ'मधून 'अंगण'मध्ये सरकला आणि ताईंनी मान वर न करता त्याला नावाने परत बोलावलं. मला त्या ताई फार आवडल्या. निघताना त्यांनी सांगितलं की खोली आहे, टेबलं आहेत, पण दुसरा गट सुरू करायला माणसं नाहीत. काम दुपारचं, अर्धवेळ. त्या पगारात म्युनिकचं घरभाडं कोण भरणार? अब्जावधींच्या इमारती उभ्या राहतील, पण त्या पोराला हाक मारायला कुणीतरी हवं ना. सरकारचं घोडं इथे अडलंय असं माझं स्पष्ट मत.

लाइपझिगची सहकारी हे सगळं ऐकून हसते. पूर्व जर्मनीत होर्ट तिच्या लहानपणापासून शाळेला जोडलेलाच, आजही तिकडची बहुसंख्य मुलं जातात. पश्चिमेत मात्र शाळेची सगळी घडी 'आई दुपारी घरी असते' या गृहीतावर बसवलेली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी बँकेत होत्या, मुलगा शाळेत गेला आणि त्यांची नोकरी सुटली ती सुटलीच.

हक्क असून जागा मिळाली नाही तर? एक वर्षावरच्या मुलांना असाच हक्क 2013 पासून आहे, आणि 2016 मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटलं की प्रशासनाच्या चुकीने जागा न मिळाल्यास बुडालेल्या पगाराची भरपाई मागता येते. बरं वाटतं वाचून. पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पोरगी तिसरीत जाईल.

आम्ही तीन ठिकाणी अर्ज टाकलेत. कुठेच नाही जमलं, तर कुणीतरी कामाचे तास कमी करायचे, आणि आमच्या मंडळातल्या घराघरात ते 'कुणीतरी' कोण असतं ते मी बघतेय. आमच्याकडे या खेपेला नवरा. तसं ठरलंय, आणि मुद्दाम इथे चारचौघांत लिहून ठेवतेय. तो हा ब्लॉग वाचतो.