सलिमाच्या पुढे

सकाळी सहाला मलावीच्या राजधानीतून, लिलाँग्वेहून निघालो. सलिमापर्यंत डांबरी रस्ता, १०० किलोमीटर कधी सरले कळलंच नाही. पुढच्या कच्च्या रस्त्याने मात्र जीव काढला. गाडी चिखलात रुतली, तेव्हा मी आधी लशीच्या डब्यावरचा थर्मामीटर पाहिला. ६ अंश. हुश्श! (२ ते ८ च्या मध्ये राहायला हवं, आपलं काय व्हायचं ते होवो.)

गावात आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगलेला. रांगेत आया, पाठीला चितेंजेत (अंगाभोवती गुंडाळायच्या कापडात) बांधलेली बाळं, हातात हेल्थ पासपोर्टची, म्हणजे आरोग्याच्या नोंदींची, चुरगळलेली वही. मलेरियाची लस मलावीत २०१९ पासून आली, तरी आयांचे प्रश्न संपत नाहीत, आणि ते बरंच आहे.

एक आजी माझ्या चिखलाळलेल्या पँटकडे बघून काहीतरी म्हणाली. अख्खी रांग हसली. ड्रायव्हरने अर्थ सांगायला साफ नकार दिला. मी आपलं म्हटलं, ‘झिकोमो’, म्हणजे धन्यवाद.